एफटीपी सर्व्हरवरील रिकामा नसलेला फोल्डर स्क्रिप्टच्या साह्याने कसा हटवावा?

ग्रंथसेवक (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळाचे काम मी गेली सहा वर्षे सवडीने पाहतो. वाचनालयाच्या संग्रहातील जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि अनुक्रमणिका स्कॅन करून आम्ही तेथे ठेवल्या आहेत. संकेतस्थळाची जुनी प्रणाली प्रत्येक चित्राच्या तीन आकारांतील लहान प्रती तयार करून त्या ‘लघुचित्रे’ नावाच्या फोल्डरमध्ये वर्षवार ठेवत असे. गेल्या महिन्यात आम्ही नवी प्रणाली बसवली. ती स्वतःच्या प्रती निराळ्या जागी ठेवते, त्यामुळे जुना फोल्डर आता निरुपयोगी झाला आहे. त्यात सुमारे ३८,००० फाइल्स आहेत, आणि होस्टिंगची साठवण मर्यादा ९० टक्क्यांच्या वर गेल्याची सूचना मला दर आठवड्याला येत आहे.

आमचे होस्टिंग साधे, सामायिक स्वरूपाचे आहे. एसएसएच (सर्व्हरवर थेट कमांड्स चालवण्याची सोय) मिळत नाही, केवळ एफटीपी (फाइल्स चढवण्या-उतरवण्याची पद्धत) आहे. मी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतील एफटीपीलिब हे मोड्यूल वापरून सर्व्हरशी जोडणी केली आणि फोल्डर काढण्याची आरएमडी ही कमांड ‘लघुचित्रे’वर चालवली, तेव्हा सर्व्हरने ५५० हा क्रमांक आणि ‘डिरेक्टरी नॉट एम्प्टी’ असा संदेश परत पाठवला. त्यानंतर मी लिस्ट कमांडने यादी मागवून तिची एकेक ओळ येताच त्या फाइलवर डिलीट चालवून पाहिले, परंतु दुसऱ्याच फाइलपाशी स्क्रिप्ट अडकून पडली. फाइलझिला या एफटीपी प्रोग्राममध्ये फोल्डरवर उजवी कळ दाबून हटवण्याचाही प्रयत्न केला. ते काम सुरू झाले खरे, पण वाचनालयातील इंटरनेट अर्ध्या तासाहून अधिक सलग टिकत नाही. शिवाय अशी सफाई यापुढे दरवर्षी करावी लागणार असल्यामुळे ती स्क्रिप्टनेच व्हावी अशी माझी इच्छा आहे.

स्वतःच्या संगणकावर पायथॉनमधील शटिल मोड्यूलचे आरएमट्री हे फंक्शन भरलेला फोल्डर एका ओळीत काढून टाकते. दूरच्या सर्व्हरवर तसे काही करता येते का? येत नसेल, तर यादीतील कोणती नोंद फाइल आहे आणि कोणती फोल्डर, हे स्क्रिप्टने खात्रीने कसे ओळखावे? आणखी एक काळजी आहे. याच फोल्डरशेजारी ‘मूळ_प्रती’ नावाचा फोल्डर असून त्यात आम्ही स्कॅन केलेली मूळ चित्रे आहेत. त्यातील काही अंक नंतर वाळवीने खाल्ले, त्यामुळे ती चित्रे पुन्हा तयार करता येणार नाहीत. त्या फोल्डरला चुकूनही धक्का लागता कामा नये.

कळफलक

नमस्कार. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, परंतु ते तसे का आहे हे समजले तर पुढची स्क्रिप्ट लिहिणे सोपे जाईल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

एफटीपीची पहिली रूपरेषा अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये आरएफसी ११४ या मसुद्यात मांडली (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज). ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी असून त्या वेळी अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. फोल्डर तयार करणे आणि काढणे यांसाठीच्या कमांड्स प्रायोगिक स्वरूपात डिसेंबर १९८० च्या आरएफसी ७७५ मध्ये आल्या आणि ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५९ मध्ये त्यांना आरएमडी, एमकेडी ही आजची नावे मिळाली. फोल्डर भरलेला असल्यास काय करावे, याविषयी आरएमडीच्या व्याख्येत काहीही म्हटलेले नाही. त्यामुळे बहुतेक सर्व्हर ती विनंती जशीच्या तशी आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमकडे सोपवतात, आणि युनिक्स वंशातील प्रणालींमध्ये आरएमडीआयआर ही सिस्टीम कॉल केवळ रिकामा फोल्डरच काढते.

हे बंधन मनमानी नाही. फोल्डर म्हणजे फाइल्स भरलेली पेटी नसून नावे आणि त्या नावांमागील नोंदींचे क्रमांक यांची एक वही असते. वहीच फाडून टाकली, तर त्या क्रमांकांच्या फाइल्स डिस्कवर जागा अडवून बसतील आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र उरणार नाही. म्हणून आधी एकेक नाव खोडायचे आणि वही कोरी झाली की ती काढायची, हाच क्रम आहे. आपल्या संगणकावरील आरएमट्रीदेखील आतून नेमके हेच करते. तेथे प्रत्येक पायरीला क्षणाचाही अत्यल्प अंश लागतो, त्यामुळे ते सारे एकाच क्रियेसारखे भासते, इतकेच.

म्हणजे आपल्या स्क्रिप्टने करायचे काम असे: फोल्डरची यादी घ्यावी. यादीतील प्रत्येक फाइलवर डीईएलई ही फाइल हटवण्याची कमांड चालवावी. यादीत पोटफोल्डर आढळल्यास त्याच्यासाठी हीच कृती पुन्हा मुळापासून करावी. सर्वांत आतला फोल्डर रिकामा झाला की त्यावर आरएमडी चालवून एक पायरी वर यावे आणि शेवटी ‘लघुचित्रे’वर आरएमडी चालवावी. स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या एका छोट्या फंक्शनमध्ये हे सर्व बसते, आणि त्याला पंधरा-वीस ओळींपेक्षा अधिक लागत नाहीत.

आपली स्क्रिप्ट दुसऱ्या फाइलपाशी का अडकली, तेही यातच दडलेले आहे. एफटीपीमध्ये कमांड्स आणि त्यांची उत्तरे एका जोडणीवरून जातात, तर यादी किंवा फाइलचा मजकूर दुसऱ्या जोडणीवरून येतो. यादी पूर्ण आल्याचा निरोप सर्व्हरने पहिल्या जोडणीवर पाठवण्याआधीच आपण तेथे डीईएलई पाठवत होता, त्यामुळे कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे, याचा घोळ झाला. यादी आधी पूर्णपणे स्मृतीत घ्यावी, ती जोडणी बंद झाल्याची खात्री करावी आणि मगच हटवण्यास आरंभ करावा.

आता फाइल आणि फोल्डर ओळखण्याचा मुद्दा घेऊ. लिस्टचे उत्तर माणसाने वाचण्यासाठी असते आणि त्याची मांडणी प्रमाणित नाही. विंडोज सर्व्हर ते एका प्रकारे देतो, लिनक्स सर्व्हर दुसऱ्या प्रकारे, आणि नावात रिकामी जागा असेल तर ओळ तोडताना हमखास चूक होते. एनएलएसटी केवळ नावे देते, प्रकार सांगत नाही. या दोन्हींना पर्याय म्हणून मार्च २००७ च्या आरएफसी ३६५९ मध्ये एमएलएसडी ही कमांड आली. ती प्रत्येक नावासोबत ‘टाइप’ हे माहितीचे घर देते आणि त्यात ‘फाइल’, ‘डीआयआर’, ‘सीडीआयआर’ किंवा ‘पीडीआयआर’ असे मूल्य असते. यांतील शेवटची दोन म्हणजे स्वतः तो फोल्डर आणि त्याच्या वरचा फोल्डर. ती वगळायलाच हवीत, नाहीतर स्क्रिप्ट वर चढून संपूर्ण खाते पुसू लागेल. लिस्ट किंवा एनएलएसटी वापरणाऱ्यांनी एक टिंब आणि दोन टिंबे ही नावे याच कारणासाठी न विसरता वगळावीत.

पायथॉनच्या एफटीपीलिबमध्ये ३.३ या आवृत्तीपासून आणि पीएचपीमध्ये ७.२ पासून एमएलएसडीची सोय आहे. सर्व्हरला ती कळते का, हे फीट या कमांडने विचारावे. व्हीएसएफटीपीडी हा बराच वापरला जाणारा सर्व्हर ती ओळखत नाही.

काही सर्व्हर रिकाम्या फोल्डरची यादी मागितल्यावरही ५५० परत करतात. तेवढ्यावरून स्क्रिप्ट थांबवू नये. यादी रिकामी आहे असे धरून आरएमडी चालवावी, खरी स्थिती ती सांगेलच. याच्या उलट, काही सर्व्हर एका यादीत किती नावे दाखवायची यावर मर्यादा घालतात. प्युअर-एफटीपीडी या सर्व्हरच्या नेहमीच्या मांडणीत ती १०,००० असते. आपल्या एखाद्या वर्षाच्या फोल्डरात त्याहून अधिक फाइल्स असतील, तर यादीतील सर्व काही हटवूनही फोल्डर रिकामा होणार नाही. म्हणून आरएमडी नाकारली गेल्यास यादी पुन्हा मागवावी. नवी नावे आली तर तीही हटवावीत, आणि तीच नावे पुन्हा आली तर मात्र थांबून संदेश दाखवावा.

वेळेचा अंदाजही आधीच करून ठेवा. प्रत्येक फाइलसाठी एक कमांड जाते आणि एक उत्तर येते. त्या फेरीला ०.१५ सेकंद लागतात असे धरले, तर ३८,००० फाइल्सना ५,७०० सेकंद, म्हणजे ९५ मिनिटे लागतील. आपले इंटरनेट मध्येच तुटेल हे गृहीतच धरा. सुदैवाने या कृतीत कोठवर आलो याची नोंद वेगळी ठेवावी लागत नाही, कारण जे हटले ते पुढील यादीत येतच नाही. जोडणी तुटल्यास एक मिनिट थांबून पुन्हा जोडावे आणि तेच फंक्शन पहिल्यापासून चालवावे, एवढी सोय पुरेशी आहे.

नेटकाठ

वरील उत्तर नेमके आहे. त्यात एका गोष्टीची भर घालणे मला फार गरजेचे वाटते, कारण तिच्यामुळे माझे स्वतःचे नुकसान झालेले आहे.

एमएलएसडी नसलेल्या सर्व्हरवर पुष्कळ जण एक युक्ती वापरतात. नाव फोल्डरचे आहे का, हे पाहण्यासाठी सीडब्ल्यूडी या फोल्डरात शिरण्याच्या कमांडने त्यात शिरून पाहायचे. प्रवेश मिळाला तर तो फोल्डर आणि ५५० आला तर ती फाइल, असे मानायचे. मीही काही वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थेसाठी अशीच स्क्रिप्ट लिहिली होती. हटवायच्या फोल्डरात पूर्वीच्या कोणीतरी एक प्रतीकात्मक दुवा, म्हणजे सिम्लिंक, करून ठेवला होता आणि तो दुसऱ्याच ठिकाणच्या कागदपत्रांच्या फोल्डरकडे निर्देश करत होता. सीडब्ल्यूडी त्या दुव्यातून सहज आत गेली, स्क्रिप्टने त्याला पोटफोल्डर मानले आणि तेथील फाइल्स एकामागून एक हटवल्या. अकरा दिवसांपूर्वीचा बॅकअप होता, म्हणून बरेचसे परत मिळाले. मधल्या अकरा दिवसांत लोकांनी भरलेले अर्ज मात्र गेले, आणि त्या प्रत्येकाला दूरध्वनी करून ते पुन्हा मागवावे लागले.

दुव्याच्या आत न शिरता दुव्यावरच डीईएलई चालवली, तर केवळ दुवा जातो आणि पलीकडचा फोल्डर सुरक्षित राहतो. आरएमडी मात्र दुव्यावर चालत नाही, कारण प्रणालीच्या दृष्टीने तो फोल्डर नसतोच. म्हणून स्क्रिप्टमध्ये नियम असा असावा की ज्याचा प्रकार निःसंशय ‘डीआयआर’ आहे त्यातच शिरायचे आणि अन्य कशातही शिरायचे नाही. काही सर्व्हर दुव्याचा प्रकार ‘ओएस.युनिक्स’ने सुरू होणाऱ्या शब्दात सांगतात आणि तो सहज ओळखता येतो. परंतु काही सर्व्हर दुवा ज्याकडे निर्देश करतो त्याचाच प्रकार कळवतात, आणि तेव्हा एमएलएसडीवरही विसंबता येत नाही. त्यामुळे आपला सर्व्हर कसा वागतो हे आधी पाहावे. लिस्टच्या उत्तरात दुव्याची ओळ इंग्रजी ‘एल’ या अक्षराने सुरू होते आणि नावापुढे बाण काढून पलीकडचा पाथ दिलेला असतो. फोल्डरची ओळ ‘डी’ने सुरू होते. आपल्या शेजारी ‘मूळ_प्रती’ आहे म्हणूनच हे इतक्या आग्रहाने लिहीत आहे. स्क्रिप्ट पहिल्यांदा चालवताना डीईएलई आणि आरएमडी या दोन्ही ओळी बंद ठेवा, त्यांच्या जागी केवळ पूर्ण पाथ छापा, आणि छापलेल्या यादीत ‘लघुचित्रे’ने सुरू न होणारा किंवा ‘मूळ’ हा शब्द असलेला एकही पाथ नाही, हे शोधून पाहा.

दुसरी सूचना अशी की काहीही हटवण्याआधी त्या फोल्डरचे नाव बदलावे. एफटीपीमध्ये त्यासाठी आरएनएफआर आणि आरएनटीओ अशा दोन कमांड्स लागोपाठ द्याव्या लागतात. फाइलझिलात हे काम एका कळीने होते. फोल्डरात एक फाइल असो वा ३८,०००, नाव बदलायला लागणारा वेळ सारखाच, कारण वरच्या वहीतील एकच नोंद बदलते. ‘लघुचित्रे’चे ‘काढायचे_लघुचित्रे’ करावे आणि आठ दिवस संकेतस्थळ वापरावे. कोठे चित्र दिसेनासे झाले, तर नाव पूर्ववत करता येते. यात आणखी एक लाभ आहे. जुन्या प्रणालीचा एखादा भाग अजून चालू असेल, तर वाचकांनी पाने उघडताच तो त्या फोल्डरात नव्या फाइल्स टाकत राहतो आणि आपण रिकामा केलेला फोल्डर आरएमडीच्या क्षणी पुन्हा भरलेला निघतो. नाव बदलले की हा प्रवाह तुटतो.

ग्रंथसेवक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे सर्व केले आणि आता जे घडले ते क्रमाने लिहितो.

आमच्या सर्व्हरला एमएलएसडी कळते. पहिल्यांदा स्क्रिप्ट केवळ पाथ छापण्यापुरती चालवली. २००४ च्या फोल्डरात ‘मूळ’ नावाचा एक दुवा निघाला आणि तो थेट ‘मूळ_प्रती’कडे जात होता. माझ्या आधी हे काम पाहणाऱ्या गृहस्थांनी तो सोयीसाठी केला असावा. आमच्या सर्व्हरने त्याचा प्रकार वेगळा सांगितला, त्यामुळे स्क्रिप्ट आत शिरली नाही. पण ती ओळ पडद्यावर पाहिली तेव्हा अंगावर काटा आला. सूचना वेळेवर मिळाली नसती तर मी सीडब्ल्यूडीचीच युक्ती वापरणार होतो. त्या दुव्यावर डीईएलई हाताने चालवली, नंतर ‘मूळ_प्रती’ उघडून पाहिला, आणि तेथील फाइल्सची संख्या पूर्वीइतकीच आहे याची दोनदा खात्री केली.

नाव बदलून आठ दिवस थांबलो. कोणाचीही तक्रार आली नाही. काल रात्री स्क्रिप्ट प्रत्यक्ष चालवली. जोडणी तीनदा तुटली, तिन्ही वेळा स्क्रिप्टने स्वतःच पुन्हा जोडून घेतले आणि पहाटेपर्यंत बहुतेक सर्व काही हटले. तथापि तीन अडचणी उरल्या आहेत.

१९९८ चा फोल्डर यादीत पूर्णपणे रिकामा दिसतो, तरीही आरएमडीला ‘डिरेक्टरी नॉट एम्प्टी’ असेच उत्तर येते. २०१७ आणि २०१८ या दोन फोल्डरांतील एकही फाइल हटत नाही. तेथे क्रमांक ५५० च आहे, परंतु संदेश ‘परमिशन डिनाइड’ असा आहे. तिसरी अडचण मला अगदीच कळलेली नाही. ‘दुसऱ्या_आवृत्त्या’ नावाचा एक फोल्डर वेगळ्या ठिकाणी असून तोही हटवायचा आहे. त्याचे नाव मी स्क्रिप्टमध्ये स्वतः टंकित करून दिले, तर असा फोल्डर अस्तित्वात नाही असे सर्व्हर म्हणतो. फाइलझिलात मात्र तोच फोल्डर माझ्या डोळ्यांसमोर दिसतो आहे. अक्षरे मी चार वेळा ताडून पाहिली.

कळफलक

१९९८ च्या फोल्डरात लपलेल्या फाइल्स असाव्यात. टिंबाने सुरू होणारी नावे युनिक्समध्ये सामान्य यादीत दाखवली जात नाहीत, आणि अनेक एफटीपी सर्व्हर हीच रीत पाळतात. चित्रांच्या फोल्डरात ‘.एचटीअॅक्सेस’ ही नियमांची फाइल अनेकदा आढळते. मॅक संगणकावरून चढवलेल्या फोल्डरात ‘.डीएस_स्टोअर’ असते. फाइलझिलाच्या सर्व्हर या मेनूत लपलेल्या फाइल्स सक्तीने दाखवण्याचा पर्याय आहे, तो सुरू करून पाहावे. स्क्रिप्टमधून लिस्ट पाठवताना तिच्यापुढे ‘-ए’ जोडून पाहता येते. हे प्रमाणित नाही, पण बरेच सर्व्हर ते मानतात. तरीही यादी रिकामीच आली, तर अपेक्षित नावावर आंधळेपणाने डीईएलई चालवून पाहावी, कारण न दिसणारी फाइल नावाने हटवण्यास सर्व्हरची हरकत असतेच असे नाही.

२०१७ आणि २०१८ चा प्रश्न मालकीचा आहे. येथे एक समज अनेकांच्या मनात चुकीचा बसलेला असतो, म्हणून स्पष्ट करतो. फाइल हटवण्याची परवानगी त्या फाइलवर अवलंबून नसते, ती फाइल ज्या फोल्डरात आहे त्यावर लिहिण्याच्या आणि त्यात शिरण्याच्या परवानगीवर अवलंबून असते. वर मी वहीची उपमा दिली, तीच पुढे न्यायची तर नाव खोडायचे म्हणजे वहीत लिहायचे, आणि वही दुसऱ्याची असेल तर तिच्यात आपल्याला लिहिता येत नाही. म्हणूनच फाइल्सची परवानगी ६६६ किंवा ७७७, म्हणजे सर्वांना लिहिता येईल अशी, केल्याने काहीही फरक पडत नाही. ते दोन फोल्डर तुमच्या एफटीपी खात्याने तयार केलेले नसून संकेतस्थळाच्या पीएचपी प्रणालीने, म्हणजे वेब सर्व्हरच्या खात्याने तयार केलेले असावेत. लिस्टच्या उत्तरात परवानग्यांनंतर मालकाचे नाव किंवा क्रमांक येतो, तो इतर फोल्डरांशी ताडून पाहा. बहुधा त्या दोन वर्षांत होस्टिंगची पद्धत बदललेली असावी.

उपाय असा की ज्या खात्याने ते निर्माण केले त्याच खात्याकडून ते हटवून घ्यावे. हीच कृती करणारी दहा-बारा ओळींची पीएचपी फाइल लिहावी, तिच्यात त्या दोन फोल्डरांचे पूर्ण पाथ पक्के लिहून ठेवावेत, पत्त्यातून येणारे कोणतेही मूल्य तिने स्वीकारू नये, ती ब्राउझरमधून एकदा चालवावी आणि काम होताच सर्व्हरवरून काढून टाकावी. ही शेवटची पायरी कृपया त्याच बैठकीत करा. फोल्डर हटवणारी फाइल सार्वजनिक सर्व्हरवर रात्रभर पडून राहणे धोक्याचे आहे. पीएचपीमध्ये दुवा ओळखण्यासाठी ‘इज_लिंक’ हे फंक्शन आहे, आणि ते ‘इज_डीआयआर’च्या आधी तपासावे लागते, कारण ‘इज_डीआयआर’ दुव्याच्या पलीकडे पाहून होकार देते. हे करायचे नसेल, तर त्या दोन फोल्डरांची मालकी तुमच्या खात्याकडे द्यावी अशी लेखी विनंती होस्टिंग कंपनीला करा. त्यांच्याकडे हे एका कमांडचे काम असते.

तिसऱ्या अडचणीविषयी मला तर्क आहे, खात्री नाही. ते येथील अन्य कोणी सांगितले तर बरे.

पैलतीर

ती तिसरी अडचण माझ्या परिचयाची आहे. मी परदेशात राहतो. येथील मराठी मंडळाच्या स्मरणिका माझ्याकडे असतात आणि त्यांचे फोल्डर मी मराठीतच नावे देऊन ठेवतो.

‘दुसऱ्या’मधील ‘ऱ’ हे अक्षर पाहा. युनिकोडमध्ये ते दोन प्रकारे लिहिता येते. एक प्रकार म्हणजे ०९३१ हा त्याचा स्वतंत्र सांकेतिक क्रमांक, आणि दुसरा म्हणजे ०९३० हा साधा ‘र’ व त्याला जोडून ०९३सी हा नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब. युनिकोडच्या नियमांनुसार ही दोन्ही रूपे समतुल्य आहेत आणि पडद्यावर ती सारखीच दिसतात. परंतु लिनक्स सर्व्हर नावे अक्षरांनी नव्हे, तर बाइट्सनी ताडतो. पहिल्या रूपाला यूटीएफ-८ या संकेतनात तीन बाइट्स लागतात आणि दुसऱ्याला सहा, म्हणून सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी नावे ठरतात. मॅकची एचएफएस प्लस ही जुनी फाइल प्रणाली नावे विघटित रूपात साठवत असे. आपल्याकडील कोणीतरी जुन्या मॅकवरून तो फोल्डर चढवला असेल, तर सर्व्हरवर ‘र’ अधिक नुक्ता गेला असणार, आणि आपण विंडोजच्या मराठी कळफलकावरून टंकित केले ते बहुधा एकसंध ‘ऱ’ असणार. चार वेळा नव्हे, चाळीस वेळा ताडले तरी डोळ्यांना हा फरक दिसणार नाही. १९९८ च्या फोल्डरात ‘.डीएस_स्टोअर’ निघाली, तर माझ्या म्हणण्याला पुष्टीच मिळेल.

यातून सुटण्याचा मार्ग सोपा आहे. नाव कधीही स्वतः टंकित करू नये. वरच्या फोल्डरची यादी मागवावी, यादीत आलेले नाव जसेच्या तसे चलात ठेवावे आणि तेच परत पाठवावे. नाव ताडून पाहायचेच असेल, तर पायथॉनच्या युनिकोडडेटा मोड्यूलमधील नॉर्मलाइझ या फंक्शनने दोन्ही नावे एका रूपात आणून ताडावीत, सर्व्हरला पाठवताना मात्र यादीतीलच मूळ रूप पाठवावे.

मराठी नावांच्या संदर्भात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. एफटीपीलिब पायथॉन ३.९ पासून नावांसाठी यूटीएफ-८ वापरते. त्याआधीच्या आवृत्त्यांत लॅटिन-१ हे संकेतन होते आणि त्यात देवनागरी बसतच नाही. वाचनालयातील संगणकावर जुनी आवृत्ती असेल, तर स्क्रिप्टमध्ये मराठी नाव लिहिताच ती त्रुटी देऊन थांबेल. अशा वेळी जोडणी केल्यावर संकेतन यूटीएफ-८ आहे असे स्पष्टपणे सांगावे लागते.

नेटकाठ

पुढील वर्षीच्या सफाईसाठी थोडेसे सुचवतो. लिनक्सवर एलएफटीपी नावाचा प्रोग्राम मिळतो. त्यात ‘आरएम -आर’ लिहिल्यास तो हीच सर्व पायपीट स्वतः करतो आणि जोडणी तुटल्यास पुन्हा जोडूनही घेतो. होस्टिंग बदलण्याची संधी आली तर एसएसएच देणारे निवडा, कारण मग सर्व्हरवरच ‘आरएम -आर’ चालवता येते, प्रत्येक फाइलमागे इंटरनेटवरून फेरी मारावी लागत नाही आणि ९५ मिनिटांचे काम काही सेकंदांत होते. केवळ एसएफटीपी (एसएसएचवरून फाइल्स हाताळण्याची पद्धत) मिळून मात्र हा लाभ होत नाही. तो प्रोटोकॉल सुरक्षित आहे, परंतु त्यातही भरलेला फोल्डर काढण्याची कमांड नाही आणि फाइल्स एकेक करूनच हटवाव्या लागतात. वेबडॅव्ह या वेबवरून फाइल्स हाताळण्याच्या पद्धतीत याउलट फोल्डरवर डिलीट पाठवली की आतील सर्व काही जावे असाच नियम आहे. तो जून २००७ च्या आरएफसी ४९१८ मध्ये दिलेला आहे. ते सोयीचे आहे, पण तेथे चुकीचा पाथ दिला तर मध्येच थांबण्याची संधी मिळत नाही, आणि आपल्यासारख्या संग्रहाच्या बाबतीत मी ती संधी सोडणार नाही.

ग्रंथसेवक

तिन्ही अडचणी सुटल्या. १९९८ मध्ये ‘.डीएस_स्टोअर’ हीच फाइल होती. लिस्टपुढे ‘-ए’ जोडल्यावर ती दिसली, हटवली, आणि फोल्डर गेला. २०१७ व २०१८ चे मालक खरोखरच वेगळे निघाले. पीएचपी फाइल लिहून, ती आधी केवळ पाथ छापून तपासून, मग एकदा चालवली आणि लगेच काढली. ‘दुसऱ्या_आवृत्त्या’चे नाव यादीतून घेतल्यावर पहिल्याच प्रयत्नात स्वीकारले गेले. त्यातील बाइट्स मोजून पाहिल्या, ‘ऱ’च्या जागी सहाच होत्या.

साठवण आता ६१ टक्क्यांवर आली आहे. ‘मूळ_प्रती’ची एक पूर्ण प्रत मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून वाचनालयाच्या कपाटात ठेवली आहे आणि दुसरी कार्यवाहांच्या घरी दिली आहे. स्क्रिप्टमधील प्रत्येक पायरीपुढे ती का आहे हे मराठीत लिहून ठेवतो आहे, म्हणजे माझ्यानंतर हे काम पाहणाऱ्याला दुव्याची ती ओळ अनावश्यक समजून काढून टाकावीशी वाटणार नाही.